इंजिनाची नाडीपरीक्षा

बंगळूर शहराच्या पूर्वेस, मद्रासकडे जाणाऱ्या लोहमार्गाच्या बाजूला, व्हाइटफील्ड नावाची एक जुनी वसाहत आहे. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांनी १८८२ साली युरेशियन व अँग्लो-इंडियन समाजाच्या संघटनेला ३,९०० एकर जमीन दिली. या समाजाचे पुढारी डी. एस. व्हाइट यांच्या नावावरून त्या जागेला व्हाइटफील्ड हे नाव पडले. सरकारी नोकरीच्या आशेवर दिवस काढण्याऐवजी आपल्या लोकांनी जमीन कसावी आणि स्वतःच्या पायांवर उभे राहावे, अशी व्हाइट यांची धारणा होती. मध्यभागी मोकळे मैदान, त्याभोवती वर्तुळाकार रस्ता आणि रस्त्याच्या कडेने बागेने वेढलेली कौलारू घरे, अशी त्या वसाहतीची आखणी झाली. पुढे शंभर वर्षे ते एक निवांत, वृक्षांच्या सावलीत पहुडलेले खेडेच राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मात्र या खेड्याचे रूप पालटले. संगणकाच्या उद्योगाने येथे ठाण मांडले, काचेच्या उंच इमारती उभ्या राहिल्या आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून तरुण माणसे येथे येऊन राहू लागली. शहाजीराजांच्या जहागिरीपासून बंगळूरशी नाते सांगणाऱ्या मराठी माणसांची त्यांत उणीव नाही. २०२३ साली मेट्रो रेल्वे व्हाइटफील्डपर्यंत पोहोचली. तरीही येथील माणसाचे खरे वाहन दुचाकीच राहिले आहे. कचेरीला जाणारा अभियंता, घरोघर जेवणाचे डबे आणि सामान पोहोचविणारा पोऱ्या, मुलाला शाळेत सोडणारा बाप, हे सारे तिच्यावरच विसंबून असतात. मराठी माणसाने ज्या वाहनाला प्रेमाने फटफटी म्हटले, ती फटफटी ज्या दिवशी चढावर दमू लागते, त्या दिवशी तिच्या मालकाला रस्त्याकडेच्या मिस्त्रीपुढे उभे राहावे लागते.

मिस्त्री किक मारून पाहतो, कान लावतो, धुराचा रंग न्याहाळतो आणि निर्णय देतो, “कॉम्प्रेशन गेले आहे, इंजिन खोलावे लागेल.” हे वाक्य भारतातील सर्व भाषांत जवळजवळ सारखेच उच्चारले जाते. त्याचा अर्थ असा की, सिलिंडर काढून तो खरडून मोठा करावयाचा, नवा दट्ट्या बसवावयाचा, कड्या बदलावयाच्या आणि त्यासाठी मालकाने आपल्या मिळकतीचा मोठा हिस्सा मोजावयाचा. ज्याचे पोट त्या दुचाकीवर आहे, त्याचे काम तेवढे दिवस बंद. निर्णय बरोबर असेल, तर हा खर्च सार्थकी लागतो. पण तो चुकीचा असेल तर? निरोगी माणसाच्या पोटावर शस्त्रक्रिया करावी, तशातलाच तो प्रकार होय. म्हणूनच इंजिनाच्या अंगात दम किती उरला आहे हे मोजून पाहण्याची विद्या ज्या वाटेने माणसाच्या हाती आली, ती वाट जाणून घेण्यासारखी आहे.

या वाटेची सुरुवात इंजिनापासून होत नाही; ती हवेपासून होते. हवेला वजन आहे आणि त्या वजनाचा दाब आपणां सर्वांवर सतत असतो, ही गोष्ट सतराव्या शतकात युरोपात सिद्ध झाली. फ्रान्समधील ब्लेझ पास्कल याच्या सांगण्यावरून त्याचा मेहुणा पेरिये हा १६४८ साली पाऱ्याची नळी घेऊन प्युई द डोम नावाचा डोंगर चढला. जसजसे वर जावे, तसतसा नळीतील पारा खाली उतरत होता. उंचीवर हवेचा दाब कमी असतो, याचा तो पहिला स्पष्ट पुरावा ठरला. पुढे १६६२ साली रॉबर्ट बॉइल याने हवा दाबून तिचे आकारमान निम्मे केले, तर तिचा दाब दुप्पट होतो, हा नियम प्रसिद्ध केला. डोंगरावरची पाऱ्याची नळी आणि बॉइलचा नियम यांचा व्हाइटफील्डच्या मिस्त्रीशी काय संबंध, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पुढे येणार आहे, कारण तो संबंध अगदी निकटचा आहे.

चालत्या यंत्राच्या पोटात डोकावून पाहण्याची पहिली युक्ती बाष्पयंत्राच्या काळातली आहे. सिलिंडरमध्ये वाफेचा दाब केव्हा चढतो व केव्हा उतरतो, हे जेम्स वॉट याला जाणून घ्यावयाचे होते. त्याने दाब दाखविणारे एक उपकरण केले, आणि त्याचा सहकारी जॉन सदर्न याने १७९६ साली त्याला सरकता कागद व पेन्सिल जोडली. यंत्र चालू असता त्या कागदावर एक बंद आकृती उमटे. ती पाहून दोष कोठे आहे ते जाणत्याला कळे. हे गुपित वॉटच्या कारखान्याने बराच काळ बाहेर फुटू दिले नाही, यावरून त्याचे मोल ध्यानात येते. पुढे १८४९ साली पॅरिसच्या यूजेन बुर्दों याने वाकविलेल्या चपट्या नळीचा दाबमापक शोधून काढला. नळीत दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिला जोडलेला काटा तबकडीवर फिरतो. पाऱ्याची लांब, नाजूक नळी गेली आणि तिच्या जागी खिशात मावेल असे साधन आले. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये जॉन रॅम्सबॉटम याने दट्ट्यासाठी फट असलेली, स्वतःच्या ताणाने सिलिंडरच्या भिंतीला चिकटून राहणारी धातूची कडी योजिली. आज फटफटीच्या दट्ट्यावर ज्या कड्या असतात, त्या याच कडीच्या वंशज आहेत. आणि “रिंगा गेल्या” असे जेव्हा मिस्त्री म्हणतो, तेव्हा त्याची तक्रार त्यांच्याविषयीच असते.

आता प्रत्यक्ष इंजिनाकडे वळू. १८६० साली एत्येन लन्वार याने वायूवर चालणारे जे इंजिन केले, त्यात इंधन पेटविण्यापूर्वी दाबण्याची सोयच नव्हती. ते चाले, पण दिलेल्या इंधनाचा फार थोडा भाग कामी येई. बाकी सारी उष्णता वाया जाई. १८६२ साली बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने एका पुस्तिकेत दाखवून दिले की, मिश्रण पेटविण्यापूर्वी ते जितके अधिक दाबावे, तितके त्यातून अधिक काम निघते. हे कागदावरचे सत्य १८७६ साली निकोलाउस ऑटो याने जर्मनीत लोखंडात उतरविले. मिश्रण आत ओढणे, ते दाबणे, पेटविणे आणि धूर बाहेर टाकणे, असे दट्ट्याचे चार फेरे त्याने ठरविले. त्यांतला दुसरा फेरा, म्हणजे दाबण्याचा, हाच त्या शोधाचा प्राण होता. ऑटोच्या हाताखाली काम केलेल्या गोटलिब डाइमलर याने विल्हेल्म मायबाख याच्या साह्याने १८८५ साली तशाच तत्त्वाचे छोटे इंजिन लाकडी दुचाकीवर बसविले. त्याची शक्ती अवघी अर्ध्या अश्वशक्तीची होती. जगातील पहिली मोटरसायकल ती हीच. व्हाइटफील्डची वसाहत त्या वेळी तीन वर्षांची होती.

दाब वाढवीत जावा आणि शक्ती मिळवीत जावी, इतके हे सोपे राहिले असते, तर पुढचा इतिहास घडलाच नसता. परंतु मिश्रण फाजील दाबले की ते ठिणगीची वाट न पाहता अवेळी भडकते आणि इंजिन हातोडीचे घाव पडावेत तसे ठोकू लागते. इंग्लंडमधील हॅरी रिकार्डो याने चालू स्थितीतच ज्याचे दाबण्याचे प्रमाण बदलता येईल, असे खास प्रायोगिक इंजिन केले आणि कोणते इंधन किती दाब सोसते, हे पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात पद्धतशीरपणे मोजले. अमेरिकेत टॉमस मिजली याने १८२१ नंतर बरोबर शंभर वर्षांनी, म्हणजे १९२१ साली, पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग मिसळून ही ठोक थांबविली. त्यामुळे दाब वाढविता आला, परंतु शहरांच्या हवेत शिशाचे विष पसरले. ते दूर करावयास जगाला पुढची कित्येक दशके लागली. भारतात शिसेविरहित पेट्रोल २००० साली सर्वत्र आले. १९५० च्या दशकातल्या बुलेटमध्ये मिश्रण आपल्या मूळ आकाराच्या सुमारे साडेसहाव्या हिश्शाइतके दाबले जाई. आजच्या मोटरसायकलींत ते नवव्या, दहाव्या हिश्शापर्यंत आणि काहींत त्याहूनही अधिक दाबले जाते.

भारतात आणि विशेषतः म्हैसूरच्या पठारावर ही विद्या कोणत्या वाटेने आली, हेही पाहण्यासारखे आहे. ज्या वर्षी व्हाइटफील्ड वसले, त्याच १८८२ साली सोलापूरला वालचंद हिराचंद यांचा जन्म झाला. त्यांनी १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर सरकारच्या साह्याने बंगळुरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा विमानांचा कारखाना उभारला. शहरातून व्हाइटफील्डकडे जाणारी वाट याच कारखान्याच्या बाजूने जाते. महायुद्धाच्या धामधुमीत सरकारने तो आपल्या ताब्यात घेतला आणि मित्रराष्ट्रांची असंख्य विमाने व त्यांची इंजिने तेथे दुरुस्त झाली. त्या काळची विमाने दट्ट्याच्या इंजिनावरच उडत. आकाशात असताना एखाद्या सिलिंडरातला दम गेला, तर रस्त्याकडेला थांबून मिस्त्री शोधता येत नाही. म्हणून अशा इंजिनांची परीक्षा अंदाजावर सोडून चालत नाही. तेथे मापच हवे. युद्धानंतर याच कारखान्यात कोल्हापूर भागातून आलेले आणि जर्मनीत प्रांट्ल यांच्यापाशी अध्ययन केलेले डॉ. विष्णु माधव घाटगे यांनी एच. टी. २ हे शिकाऊ वैमानिकांचे विमान रचले. १९५१ च्या ऑगस्टमध्ये ते प्रथम उडाले. भारतीयांनी रचलेल्या त्या विमानाचे इंजिनही चार सिलिंडरांचे, दट्ट्याचेच होते.

विमाने मूठभरांची, पण फटफटी हजारोंची. १९५५ साली मद्रासच्या कंपनीने इंग्लंडातील रॉयल एनफील्डशी करार करून बुलेट मोटरसायकल भारतात जुळविण्यास आरंभ केला, आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे समुद्रकाठी तिचा कारखाना उभा राहिला. १९६० नंतर म्हैसूर शहरात आयडियल जावा या कंपनीने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा मोटरसायकलीची निर्मिती सुरू केली. तिचे चालक मुंबईचे पारशी गृहस्थ होते. हीच गाडी पुढे येझ्दी या नावाने प्रसिद्ध झाली. समुद्रकाठची चार फेऱ्यांची बुलेट आणि पठारावरची दोन फेऱ्यांची जावा, या दोन गाड्यांनी दक्षिणेतील मिस्त्र्यांच्या दोन पिढ्या घडविल्या.

जुन्या बुलेटला कॉम्प्रेशन आहे की नाही, हे तिच्या मालकाला रोज सकाळी पायानेच कळत असे. तिच्या सिलिंडराच्या डोक्यावर दाब सोडून देण्याची एक लहान झडप असे आणि मुठीपाशी तिची दांडी. किक हलकेच दाबीत जावे. दट्ट्या वर येऊन अडला की ती दांडी ओढावी, दट्ट्याला माथा ओलांडू द्यावा, दांडी सोडावी आणि मग पूर्ण जोराने लाथ मारावी. ज्या दिवशी किक कोठेही न अडता सरळ खाली गेली, त्या दिवशी काही बिघडले आहे असे समजावे. महाराष्ट्रातील शेतकऱ्यालाही हा अनुभव नवा नाही. १९४६ साली पुण्याजवळ खडकीस किर्लोस्करांनी तेलइंजिनांचा कारखाना काढल्यानंतर विहिरीविहिरींवर जी डिझेल इंजिने बसली, ती हातदांड्याने फिरविताना दाब सोडण्याची कळ उचलावी लागे आणि चक्राला गती आली की ती पाडावी लागे. डिझेलमध्ये तर ठिणगीच नसते. केवळ दाबल्यामुळे तापलेल्या हवेतच इंधन पेटते. त्या इंजिनातला दाब गेला, म्हणजे विहिरीचे पाणी पिकापर्यंत जाणे थांबले. दांड्याला हात लावताच “कॉम्प्रेशन उतरले” हे सांगणारे शेतकरी गावोगाव होते.

परंतु हाताची आणि पायाची ही परीक्षा कितीही मोलाची असली, तरी तिला दोन मर्यादा आहेत. ती एका माणसाकडून दुसऱ्याकडे शब्दांत देता येत नाही, आणि दोष आहे असे ती सांगते. कोठे आहे ते सांगत नाही. येथेच बुर्दोंचा दाबमापक उपयोगी पडतो. त्याच्या साह्याने करावयाची परीक्षा दिसावयास साधी आहे. गाडी थोडी चालवून इंजिन गरम करावे. ठिणगीचा प्लग काढून त्याच्या जागी दाबमापकाची नळी घट्ट बसवावी. प्लगची तार इंजिनाच्या अंगाला टेकवून ठेवावी किंवा प्रज्वलन बंद करावे; कारण भोकातून बाहेर पडणारी पेट्रोलची वाफ भटक्या ठिणगीने पेटू शकते. मग मूठ पूर्ण उघडी धरून जोराने किक मारीत जावे. दाबमापकाच्या तोंडाशी एक लहान एकदिशी झडप असते. प्रत्येक फेऱ्याला ती हवा आत घेते, पण परत जाऊ देत नाही. त्यामुळे काटा पायरीपायरीने चढतो आणि एका जागी येऊन थांबतो. तो आकडा टिपून घ्यावयाचा. मूठ मिटलेली ठेवून किक मारली, तर सिलिंडरात पुरेशी हवाच शिरत नाही आणि धडधाकट इंजिनही आजारी दिसते. घाईत ही चूक वारंवार होते.

समुद्रसपाटीच्या गावी, सातास एक या प्रमाणात दाबणाऱ्या इंजिनात काटा दर चौरस इंचाला १२० पौंडांवर थांबला, असे उदाहरणादाखल धरू. हवेचा स्वतःचा दाब सुमारे १४.७ पौंड असतो. तो मिळविला तर सिलिंडरातील खरा दाब हवेच्या सव्वानऊ पट होतो. बॉइलच्या नियमाने तो सातपट असावयास हवा. मग वरची भर आली कोठून? हवा झपाट्याने दाबली की ती तापते आणि तापली की तिचा दाब आणखी चढतो. सायकलच्या पंपाचे टोक हाताला गरम लागते, ते याच कारणाने. ही उष्णता मुळीच बाहेर गेली नसती, तर दाब पंधरापटीपर्यंत चढला असता. पण सिलिंडरच्या भिंती ती शोषून घेतात, आत येणारी झडप उशिरा मिटते आणि कड्यांतून थोडी हवा निसटते. म्हणून काटा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी थांबतो. त्या मधल्या जागेतच इंजिनाच्या प्रकृतीची हकीकत लिहिलेली असते.

आकडा कमी आला, तर परीक्षेचा दुसरा भाग सुरू होतो. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडावे, दोनचार वेळा किक मारून ते पसरू द्यावे आणि पुन्हा माप घ्यावे. तेल कड्यांच्या व भिंतीच्या फटी तात्पुरत्या बुजविते. काटा या वेळी बराच वर गेला, तर झीज कड्यांची किंवा सिलिंडरची आहे. तो होता तेथेच राहिला, तर दोष वर, झडपांत किंवा डोक्याखालच्या गास्केटमध्ये शोधावा. तेल फार घातले, तर ते जागा अडवून आकडा खोटाच फुगविते, म्हणून चमचाभरच. या एका चमच्यामुळे किती सिलिंडर विनाकारण खरडले जाण्यापासून वाचले असतील, याची कल्पना करता येते. झडप नीट बसविण्याचे काम कमी खर्चाचे. सिलिंडर मोठा करण्याचे काम महागडे. पहिल्याच्या जागी दुसरे झाले, तर भुर्दंड मालकाला पडतो आणि दोष जेथल्या तेथेच राहतो.

आता पास्कलच्या मेहुण्याकडे परत जाण्याची वेळ आली. व्हाइटफील्ड समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब मुंबईपेक्षा जवळजवळ एकदशांशाने कमी असतो. इंजिन आपल्या भोवतालचीच हवा दाबते. ती मुळात विरळ असेल, तर दाबल्यानंतरचा आकडाही त्याच प्रमाणात कमी येणार. मुंबईत १२० पौंड दाखविणारे तेच इंजिन, तोच दट्ट्या आणि त्याच कड्या व्हाइटफील्डला सुमारे १०८ पौंड दाखवितात. पुणे साडेपाचशे मीटरांवर असल्यामुळे तेथे घट याहून कमी, तर महाबळेश्वरला अधिक. लडाखमधील लेह साडेतीन हजार मीटरांवर आहे. तेथे एकतृतीयांशाहून अधिक दाब नाहीसा होतो आणि १२० चे ७८ होतात. यांपैकी कोठेही इंजिनाला काडीचाही रोग झालेला नसतो.

ही गोष्ट लहान दिसते. पण तिच्यावर माणसाची कमाई अवलंबून असते. गाडीसोबत येणाऱ्या पुस्तिकेतील आकडे सामान्यतः समुद्रसपाटीच्या हवेसाठी दिलेले असतात. मुंबईहून किंवा कोकणातून बदली होऊन आलेल्या तरुणाने आपली जुनी फटफटी रेल्वेने व्हाइटफील्डला आणली, चढावर तिचा जोर कमी वाटला म्हणून तो मिस्त्रीकडे गेला, मिस्त्रीने दाबमापक लावला आणि पुस्तिकेतल्या आकड्याशी तो ताडून पाहिला, असे समजा. बारा पौंडांची तूट दिसेल. पुस्तिकेवर विश्वास ठेवणारा प्रामाणिक मिस्त्रीही येथे इंजिन खोलण्याचा सल्ला देईल. जोर कमी वाटला हे खरे, दाब कमी दिसला हेही खरे. आणि तरीही निष्कर्ष खोटा. दोन्ही गोष्टींचे कारण एकच आहे, ते म्हणजे पठारावरची विरळ हवा. खऱ्या मापाला त्या जागेची जोड मिळाली नाही, तर ते मापच फसविते. १६४८ साली डोंगरावर नेलेल्या पाऱ्याच्या नळीने जे सांगितले, ते विसरल्याचा हा दंड होय. तिरुवोत्तियूरच्या समुद्रकाठी जन्मलेली बुलेट आणि म्हैसूरच्या पठारावर जन्मलेली जावा यांची तुलना करतानाही हे भान ठेवावेच लागते.

जावाची गोष्ट तर आणखी निराळी. दोन फेऱ्यांच्या इंजिनात मिश्रण प्रथम दट्ट्याच्या खाली, भुजादंडाच्या कोठीत शिरते, तेथे थोडे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरात ढकलले जाते. म्हणजे अशा इंजिनाला दोन जागी दम धरावा लागतो. कोठीच्या टोकांची रबरी सीले झिजली, तर बाहेरची हवा आत शिरते आणि इंजिन अडखळते. पण प्लगच्या जागी लावलेल्या दाबमापकावर आकडा उत्तम येतो. काटा खोटे बोलत नाही. त्याला विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर तो देतो. आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला आणि धुरावरचे निर्बंध कडक होत गेले तशी दोन फेऱ्यांची इंजिने रस्त्यावरून मागे हटली. तरी जुन्या जावा आणि येझ्दी जिवापाड जपणारी माणसे बंगळुरात आजही आहेत.

नव्या गाड्यांनी दुसराच पेच घातला आहे. बटण दाबून चालू होणाऱ्या अनेक इंजिनांत, मंद गतीला एक झडप आपोआप किंचित उघडी ठेवणारी योजना असते. जुन्या बुलेटची दांडी जे काम करी, तेच ती गुपचूप करते. अशा इंजिनाला दाबमापक लावला, तर आकडा कमीच येतो. ज्याला ही योजना ठाऊक नाही, तो नव्या कोऱ्या इंजिनालाही म्हातारे ठरवील. अशा वेळी विमानविद्येतून आलेली दुसरी परीक्षा उपयोगी पडते. दट्ट्या माथ्यावर रोखून धरावयाचा, झडपा मिटलेल्या असताना बाहेरून ठराविक दाबाची हवा सिलिंडरात सोडावयाची आणि दोन दाबमापकांनी किती हवा टिकते व किती निसटते ते पाहावयाचे. विमानांच्या इंजिनांसाठी हा बाहेरचा दाब सामान्यतः ८० पौंड ठेवतात. या परीक्षेत माप संपले की कानाचे काम सुरू होते. फुसफुस कार्ब्युरेटरच्या तोंडातून ऐकू आली, तर आत घेणारी झडप गळते आहे. धुराड्यातून आली, तर बाहेर सोडणारी. आणि तेल ओतावयाच्या भोकातून आली, तर कड्या. ज्या मिस्त्रीने आयुष्यभर कानावर भिस्त ठेवली, त्याच्या कानाला या अद्ययावत परीक्षेत पुन्हा मानाची जागा मिळते, ही समाधानाची गोष्ट आहे.

वैद्याच्या हातात उष्णतामापक आला, म्हणून नाडी पाहणे संपले नाही. नाडी पाहता येते, म्हणून उष्णतामापक निरर्थक ठरला नाही. यंत्राच्या वैद्यकातही तसेच आहे. वॉटच्या कागदावरची आकृती, बुर्दोंची वाकडी नळी, रॅम्सबॉटमची कडी आणि बॉइलचा नियम, ही सारी आज रस्त्याकडेच्या एका पत्र्याच्या टपरीत, तेलाने काळ्या झालेल्या हातांत एकत्र आलेली आहेत. त्या हातांनी काटा वाचावा, चमचाभर तेल घालून तो पुन्हा वाचावा, आपण कोणत्या उंचीवर उभे आहोत हे आठवावे, आणि मगच पाना उचलावा.

गाडीच्या मालकालाही यात एक हक्क आहे. “इंजिन खोलावे लागेल” असे कोणी म्हटले, तर “आकडा किती आला? तेल घातल्यावर किती झाला?” एवढे दोन प्रश्न त्याने विचारावेत. चांगल्या मिस्त्रीला त्यांचा राग येत नाही. तो दाबमापक लावून काटा दाखवितो. व्हाइट यांनी आपल्या लोकांना स्वतःच्या पायांवर उभे राहावयास सांगितले, त्या गावात आज रोज सकाळी हजारो पाय दुचाकीवर चढतात. त्यांच्यापैकी ज्याची फटफटी चढावर दमते, त्याच्या इंजिनाला रोग आहे की केवळ पठारावरची हवा विरळ आहे, हे ठरविण्यास एक दाबमापक, एक चमचा तेल आणि पाव तासाचा धीर पुरतो.